पराभूतांची संमती : अमेरिकेतील यादवी युद्धानंतरच्या घटनादुरुस्त्यांचे अनुसमर्थन

नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील घोटी हे गाव मुंबई-आग्रा रस्त्यावर, थळ घाटाच्या माथ्यापासून जवळच वसलेले आहे. खानदेशातून मुंबईकडे जाणारा माल घाट उतरण्यापूर्वी ह्याच वाटेने येत असे. १८६५ च्या जानेवारीत घाटातील लोहमार्ग खुला झाला आणि ही वाहतूक बैलगाडीवरून आगगाडीवर येऊ लागली. त्या काळी ह्या मालात कापसाला जे अग्रस्थान प्राप्त झाले होते, त्याचे कारण अटलांटिक महासागरापलीकडे होते. अमेरिकेच्या दक्षिणी राज्यांची बंदरे उत्तरेच्या आरमाराने रोखून धरली होती व लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदी कापसावाचून गत्यंतर उरले नव्हते. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण गेले, कापसाचा भाव कोसळला आणि त्याच वर्षाच्या जुलैत मुंबईतील शेअरांचा फुगा फुटला.

ह्या घटनांची आर्थिक बाजू महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकास चांगली परिचित आहे. घटनात्मक बाजू मात्र तितकी परिचित नाही. ज्या युद्धाने घोटीच्या वाटेवर कापसाच्या गाड्यांची रीघ लावली, त्या युद्धाच्या समाप्तीनंतर पाच वर्षांत अमेरिकेच्या संविधानात तीन दुरुस्त्या झाल्या. तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी नष्ट केली, चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण दिले आणि पंधराव्या दुरुस्तीने वंश वा वर्ण ह्या कारणास्तव मताधिकार नाकारण्यास बंदी केली. १८७३ साली जोतीराव फुले ह्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सज्जनांना अर्पण केला, त्यांच्या कार्याचे विधिरूप म्हणजे ह्या तीन दुरुस्त्या होत. त्या मंजूर झाल्या हे सर्वश्रुत आहे. त्या कोणाच्या संमतीने मंजूर झाल्या, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाही.

अमेरिकेच्या संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदाप्रमाणे दुरुस्तीचा प्रस्ताव काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांश बहुमताने संमत करावा लागतो. त्यानंतर एकंदर राज्यांपैकी तीनचतुर्थांश राज्यांच्या विधिमंडळांनी, किंवा काँग्रेसने तसे ठरविल्यास त्याकरिता भरविलेल्या खास परिषदांनी, त्याचे अनुसमर्थन करावे लागते. संविधानकर्त्यांनी हा नियम केला तेव्हा एखादे राज्य संघराज्यातून फुटून निघेल, युद्धात पराभूत होईल आणि त्यानंतर त्यालाच संमती विचारण्याची पाळी येईल, अशी कल्पना त्यांनी केलेली नव्हती. १८६५ मध्ये राज्यांची संख्या ३६ होती. त्यांपैकी ११ राज्ये बंडात सामील झालेली होती. ती ‘राज्ये’ म्हणून धरावयाची असतील तर तीनचतुर्थांशाचा आकडा २७ येतो. ती वगळली तर उरलेल्या २५ राज्यांपैकी १९ पुरेशी होतात. अंकगणित साधे असले तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न संघराज्याच्या स्वरूपाचाच होता.

ह्या प्रश्नाची तीन उत्तरे त्या वेळी पुढे आली. संघराज्यातून फुटून निघणे हे कायद्याने अशक्यच आहे, म्हणून ती राज्ये कधी बाहेर पडलीच नाहीत. काही व्यक्तींनी बंड केले इतकेच, असे एक मत होते. राष्ट्राध्यक्ष लिंकन व त्यांचे उत्तराधिकारी अँड्र्यू जॉन्सन ह्यांच्या धोरणाचा आधार हाच होता. सीनेटर चार्ल्स समनर ह्यांच्या मते बंड करून त्या राज्यांनी आत्मघात केला होता. भूमी उरली, राज्यत्व उरले नाही. प्रतिनिधिगृहातील थॅडियस स्टीव्हन्स तर त्यांना जिंकलेले प्रांतच मानीत. लिंकन ह्यांना ह्या तात्त्विक वादात रस नव्हता आणि तो वाद निष्फळ आहे असे ते उघड म्हणत. परंतु त्यांची व्यवहारदृष्टी येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ११ एप्रिल १८६५ रोजी केलेल्या आपल्या अखेरच्या जाहीर भाषणात त्यांनी सांगितले की, केवळ निष्ठावंत राज्यांच्या तीनचतुर्थांशांनी केलेले अनुसमर्थन शंकास्पद ठरेल व त्यावर सतत वाद होत राहील. सर्व राज्यांच्या तीनचतुर्थांशांनी केलेल्या अनुसमर्थनावर मात्र कोणासही बोट ठेवता येणार नाही. ह्यानंतर तीनच दिवसांनी त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली.

तेराव्या दुरुस्तीच्या बाबतीत लिंकन ह्यांचीच गणना प्रत्यक्षात आली. सीनेटने ती एप्रिल १८६४ मध्ये संमत केली होती. प्रतिनिधिगृहात ती जून १८६४ मध्ये अयशस्वी झाली व ३१ जानेवारी १८६५ रोजी ११९ विरुद्ध ५६ मतांनी संमत झाली. दुसऱ्याच दिवशी इलिनॉय राज्याने पहिले अनुसमर्थन दिले. उत्तरेतील राज्ये पाठोपाठ आली. परंतु संघराज्यातच राहिलेल्या डेलावेअर व केंटकी ह्या गुलामधारी राज्यांनी नकार दिला, न्यू जर्सीनेही प्रथम नकारच दिला. म्हणजे दक्षिणेच्या संमतीवाचून २७ चा आकडा गाठणे शक्य नव्हते. जॉन्सन ह्यांनी दक्षिणेत हंगामी राज्यपाल नेमले होते. राज्यकारभार पूर्ववत् हवा असेल तर ही दुरुस्ती स्वीकारा, असा तगादा त्यांनी व परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड ह्यांनी लावला. दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमाने काँग्रेसला अंमलबजावणीचे अधिकार दिले होते आणि त्याचीच दक्षिणेला धास्ती होती. साउथ कॅरोलायनाने व अलाबामाने आपल्या संमतीबरोबर, ह्या कलमाने काँग्रेसला मुक्त झालेल्या लोकांच्या राजकीय दर्जाविषयी कायदे करण्याचा अधिकार मिळत नाही, अशा आशयाचे निवेदन जोडले. संमती द्यावयाची, पण तिचा अर्थ आपणच ठरवावयाचा, असा तो प्रकार होता. ६ डिसेंबर १८६५ रोजी जॉर्जियाने सत्ताविसावे अनुसमर्थन दिले व १८ डिसेंबर रोजी सेवर्ड ह्यांनी दुरुस्ती अमलात आल्याची घोषणा केली. ह्या २७ राज्यांत ८ राज्ये बंडखोरांपैकी होती.

त्याच आठवड्यातील दुसरी एक घटना ह्या सर्व प्रकरणातील विसंगती उघड करणारी आहे. ४ डिसेंबर १८६५ रोजी नव्या काँग्रेसचे अधिवेशन सुरू झाले, तेव्हा प्रतिनिधिगृहाच्या लिपिकाने सभासदांची नावे पुकारताना दक्षिणी राज्यांतून निवडून आलेल्यांची नावे गाळली. म्हणजे सोमवारी ज्या जॉर्जियाला काँग्रेसमध्ये बसण्यास जागा नव्हती, त्याच जॉर्जियाच्या बुधवारच्या मताने संविधान बदलले. दुरुस्तीसाठी ते राज्य होते, प्रतिनिधित्वासाठी नव्हते.

काँग्रेसच्या ह्या कठोरपणाला कारणही तसेच होते. संविधानाच्या मूळ कलमानुसार प्रतिनिधींची संख्या ठरविताना गुलामांची गणती तीनपंचमांश केली जात असे. गुलामगिरी गेल्यावर तेच लोक पूर्ण धरले जाणार, त्यांना मताधिकार मात्र नाही. तेव्हा पराभूत दक्षिणेचे काँग्रेसमधील बळ युद्धापूर्वीपेक्षा वाढणार होते! शिवाय मिसिसिपी, साउथ कॅरोलायना आदी राज्यांनी मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना मजुरीच्या करारांत व भटकेपणाच्या गुन्ह्यांत अडकवून ठेवणारे कायदे करावयास सुरुवात केली होती. तेराव्या दुरुस्तीचे शब्द तेवढे स्वीकारून तिचे फळ हिरावून घेण्याचा हा प्रयत्न होता. चौदाव्या दुरुस्तीचा उगम ह्या अनुभवात आहे.

जून १८६६ मध्ये काँग्रेसने संमत केलेल्या ह्या दुरुस्तीच्या पहिल्या कलमास पुढे जगभर प्रसिद्धी मिळाली. परंतु त्या काळी दक्षिणेला सर्वांत झोंबले ते तिसरे कलम. संविधानाशी निष्ठेची शपथ घेऊन नंतर बंडात सामील झालेल्यांना त्या कलमाने सार्वजनिक पदे बंद केली होती. दक्षिणेच्या विधिमंडळांतील नेतृत्व बव्हंशी ह्याच वर्गाचे होते. स्वतःस अपात्र ठरविणाऱ्या ठरावास त्यांनी स्वतःच संमती द्यावी अशी अपेक्षा होती. ऑक्टोबर १८६६ पासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत दहा दक्षिणी राज्यांनी एकामागून एक दुरुस्ती फेटाळली. डेलावेअर, केंटकी व मेरिलँड ह्यांनीही नकारच दिला. अपवाद टेनेसीचा. तेथे जुलै १८६६ मध्ये काही सभासदांनी गैरहजर राहून विधानसभेची गणसंख्या पुरी होऊ दिली नाही, तेव्हा दोघांना पकडून आणून शेजारच्या दालनात अडकवून ठेवण्यात आले. त्यांची गणना होऊ शकत नाही असा निर्णय सभाध्यक्षांनी दिला, तो सभागृहाने फिरविला आणि ठराव संमत झाला. लगेच टेनेसीला काँग्रेसमध्ये प्रवेशही मिळाला.

३७ राज्यांपैकी (नेब्रास्का मार्च १८६७ मध्ये सामील झाले होते) १३ राज्यांचा नकार म्हणजे साध्या हिशेबाने दुरुस्तीचा अंतच होता. १० नकारांनीही ते काम झाले असते. काँग्रेसने येथे नवीन मार्ग काढला. २ मार्च १८६७ च्या कायद्याने, राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार डावलून, टेनेसीवाचूनची दहा राज्ये पाच लष्करी विभागांत वाटण्यात आली. प्रत्येक राज्याने कृष्णवर्णीय पुरुषांसह सर्व प्रौढ पुरुषांच्या मतांनी परिषद निवडावी, नवे राज्यसंविधान तयार करावे, त्यानुसार निवडलेल्या विधिमंडळाने चौदावी दुरुस्ती स्वीकारावी आणि ती दुरुस्ती संविधानाचा भाग बनावी. त्यानंतरच त्या राज्याचे प्रतिनिधी काँग्रेसमध्ये घेतले जातील, अशी अट होती. बंडातील काही नेत्यांना ह्या मतदानातून वगळण्यातही आले. तात्पर्य, अनुसमर्थन करण्यासाठी राज्य असावे लागते आणि राज्य म्हणून मान्यता मिळविण्यासाठी अनुसमर्थन करावे लागते, अशा चक्रात ही दहा राज्ये सापडली.

१८६८ च्या एप्रिल ते जुलै ह्या महिन्यांत आर्कॅन्सॉ, फ्लॉरिडा, नॉर्थ कॅरोलायना, लुइझियाना, साउथ कॅरोलायना व अलाबामा ह्या सहा राज्यांची अनुसमर्थने आली. ह्याच सुमारास उत्तरेत उलट वारे वाहू लागले होते. ओहायो व न्यू जर्सी ह्यांनी पूर्वी संमती दिली होती. निवडणुकांत पक्ष बदलल्यावर त्यांच्या विधिमंडळांनी १८६८ च्या आरंभी ती मागे घेतली. सेवर्ड ह्यांच्यापुढील कागदांवर आता हिशेब असा होता : पूर्वीची २३ राज्ये व नवी ६ मिळून २९, हवी होती २८. ओहायो व न्यू जर्सी वजा केल्यास २७. एका मताने सर्व अडले होते.

२० जुलै १८६८ चे सेवर्ड ह्यांचे घोषणापत्र हा घटनात्मक सावधगिरीचा एक नमुनाच आहे. दक्षिणेतील सहा विधिमंडळांचा उल्लेख त्यांनी ‘विधिमंडळे’ असा सरळ केला नाही; आपण त्या राज्यांची विधिमंडळे आहोत असे म्हणणाऱ्या व तसे वागणाऱ्या नवस्थापित संस्था, अशा आशयाची शब्दयोजना केली. ओहायो व न्यू जर्सी ह्यांची पहिली संमती कायम मानल्यास दुरुस्ती अमलात आली आहे, असा सशर्त निष्कर्ष त्यांनी काढला. दुसऱ्याच दिवशी काँग्रेसने ठराव करून ती शर्त उडवून लावली व दोन्ही राज्ये संमतीदात्यांत धरून दुरुस्ती मंजूर झाल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी जॉर्जियानेही अनुसमर्थन केले. २८ जुलै रोजी सेवर्ड ह्यांनी अंतिम घोषणा केली, तीत जॉर्जियाचाही समावेश होता. जॉर्जिया धरल्यास ओहायो व न्यू जर्सी गाळूनही २८ चा आकडा भरतो, ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षिली जाते.

काँग्रेसच्या ह्या निर्णयातून एक चमत्कारिक नियम निष्पन्न झाला. सहाही दक्षिणी राज्यांनी व जॉर्जियाने आधी ही दुरुस्ती फेटाळली होती. त्यांचा नंतरचा होकार ग्राह्य ठरला. ओहायो व न्यू जर्सी ह्यांनी आधी होकार दिला होता. त्यांचा नंतरचा नकार अग्राह्य ठरला. नकार बदलता येतो, होकार बदलता येत नाही. पाचव्या अनुच्छेदात ह्याला आधार नाही, तसाच प्रतिबंधही नाही.

ही संमती बळजोरीची होती, असा आक्षेप दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या घेतला गेला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विद्यापीठीय इतिहासलेखनावरही त्याची छाया होती. कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग व त्यांच्या शिष्यपरंपरेने ह्या कालखंडाचे चित्र उत्तरेच्या जुलमाचे असे रंगविले. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस ह्यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने त्या चित्राला पहिला समर्थ छेद दिला. अनुसमर्थनाच्या प्रश्नापुरते पाहिले तर आक्षेप अर्धाच खरा आहे. अट घातली गेली, लष्कर उपस्थित होते, काहींना मतदान नाकारले गेले, हे निर्विवाद आहे. परंतु १८६६ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या नावाने नकार देणारे विधिमंडळ कोणी निवडले होते? त्या राज्यात कृष्णवर्णीयांची संख्या गौरवर्णीयांहून अधिक होती आणि त्यांपैकी एकासही मत नव्हते. १८६८ मध्ये होकार देणाऱ्या विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात कृष्णवर्णीय सभासदांचे बहुमत होते. नकार एका साउथ कॅरोलायनाचा होता, होकार दुसऱ्या. दोहोंपैकी कोणत्या विधिमंडळाचे मत ‘राज्याचे’ मत म्हणावयाचे, हा प्रश्न टाळून केवळ बळजोरीची चर्चा करणे म्हणजे ज्यांच्या हक्कासाठी दुरुस्ती झाली त्यांना पुन्हा एकदा गणतीतून वगळणे होय.

पंधराव्या दुरुस्तीची कथा ह्याच मार्गाने पण कमी वळणांनी जाते. फेब्रुवारी १८६९ मध्ये काँग्रेसने ती संमत केली. प्रवेश अद्याप बाकी असलेल्या व्हर्जिनिया, मिसिसिपी व टेक्सास ह्या राज्यांवर, तसेच कृष्णवर्णीय सभासदांना काढून टाकल्यामुळे पुन्हा लष्करी अमलाखाली आलेल्या जॉर्जियावर, हिच्या अनुसमर्थनाची अट लादण्यात आली. न्यूयॉर्कने संमती देऊन मागे घेतली, पण तिच्यावाचूनही काम भागले. ३० मार्च १८७० रोजी घोषणा झाली.

न्यायालयांनी ह्या वादात शिरण्याचे टाळले. राज्ये संघराज्यातून कधी बाहेर पडलीच नव्हती, संघ अविनाशी व त्यातील राज्येही अविनाशी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८६९ मध्ये टेक्सासच्या एका खटल्यात दिला. जॉर्जियाचे नवे राज्यसंविधान काँग्रेसच्या दडपणाखाली झाले म्हणून ते बंधनकारक नाही, हा युक्तिवाद १८७२ मध्ये फेटाळला गेला. पुढे १९३९ मध्ये कॅन्सस राज्यातून आलेल्या एका प्रकरणात, आधी नाकारलेली वा मागे घेतलेली संमती ग्राह्य की अग्राह्य हे ठरविणे राजकीय विभागांचे काम आहे, असे न्यायालयाने म्हटले. आणि त्यासाठी दाखला दिला तो १८६८ च्या जुलैचाच.

भारताच्या संविधानसभेपुढे हा सर्व इतिहास होता. ‘कायद्याचे समान संरक्षण’ हे चौदाव्या दुरुस्तीतील शब्द आपल्या चौदाव्याच अनुच्छेदात आले, हा क्रमांकाचा योगायोग होय. मात्र दुरुस्तीची पद्धती भारताने तशीच उचलली नाही. १७ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी सभेपुढे मांडलेल्या योजनेत तरतुदींचे तीन वर्ग होते : काही साध्या बहुमताने बदलण्याजोग्या, काही संसदेच्या दोनतृतीयांश बहुमताने, आणि ज्यांचा संबंध राज्यांच्या अधिकारांशी वा राष्ट्रपतीच्या निवडणुकीसारख्या विषयांशी आहे, तेवढ्याच निम्म्या राज्यविधिमंडळांच्या अनुसमर्थनाने. आश्चर्य असे की, राज्याचे अस्तित्व व सीमा हा विषय तिसऱ्या वर्गात नाही. तिसऱ्या अनुच्छेदानुसार राज्यविधिमंडळाचे मत मागविले जाते, संमती घेतली जात नाही. १९६० मध्ये मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये झाली, ती संसदेच्या साध्या कायद्याने. राज्य अविनाशी आहे की नाही, ह्या ज्या प्रश्नावर अमेरिकेचे अनुसमर्थन अडले, त्याचे उत्तर भारतीय संविधानाने आरंभीच नकारार्थी देऊन टाकले आहे.

दुसरा भेद न्यायालयाच्या भूमिकेचा आहे. भारतात अनुसमर्थन आवश्यक होते की नव्हते, ह्याची परीक्षा न्यायालय करते. पक्षांतरबंदीच्या १९८५ च्या बावन्नाव्या दुरुस्तीतील, न्यायालयांचे अधिकार काढून घेणारा परिच्छेद १९९२ मध्ये अनुसमर्थनाअभावी रद्द ठरला. महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक निकटचे उदाहरण सहकाराचे. २०११ मध्ये संसदेने संमत केलेल्या सत्त्याण्णवाव्या दुरुस्तीने सहकारी संस्थांच्या संचालकांची संख्या, मुदत, निवडणुका, हिशेबतपासणी ह्यांविषयी राज्यांना बंधने घातली. सहकारी संस्था हा राज्यसूचीतील विषय. तरीही राज्यांचे अनुसमर्थन घेतले नव्हते. २०१३ मध्ये महाराष्ट्राने ह्या दुरुस्तीस अनुसरून आपला सहकार कायदाही बदलला. त्याच वर्षी गुजरात उच्च न्यायालयाने दुरुस्तीतील संबंधित भाग अवैध ठरविला आणि २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतर्गत संस्थांपुरता तो निर्णय कायम केला. घोटीसारख्या भाताच्या बाजारपेठेतील विविध कार्यकारी सेवा सोसायटीच्या संचालक मंडळावर संसदेला घटनादुरुस्तीने बंधन घालावयाचे असेल, तर त्याआधी निम्म्या राज्यविधिमंडळांचे ठराव हवेत, असा त्याचा व्यवहारातील अर्थ आहे.

दिलेली संमती मागे घेता येते काय, ह्याविषयी मात्र अनुच्छेद ३६८ अमेरिकेच्या पाचव्या अनुच्छेदाइतकाच मूक आहे. तिकडे ओहायो व न्यू जर्सी ह्या राज्यांनी २००३ मध्ये, म्हणजे १३५ वर्षांनी, चौदाव्या दुरुस्तीस आपली संमती पुन्हा नोंदविली. केंटकीने तिन्ही दुरुस्त्या १९७६ मध्ये स्वीकारल्या. तेराव्या दुरुस्तीस मिसिसिपीच्या विधिमंडळाने १९९५ मध्ये संमती दिली. तिची रीतसर सूचना संघराज्याच्या दप्तरी पोहोचावयास २०१३ साल उजाडले.